संदर्भयादीत नसलेली आत्या

कल्पना करा, तुम्ही एक शोधनिबंध लिहून संपवत आणलाय. विषय समजा विहिरींतल्या पाण्याची पातळी. निष्कर्ष लिहून झाले, आलेख चिकटवून झाले, आता उरलंय शेवटचं पान, संदर्भयादीचं. कोणाचं काय वापरलं ते इथे प्रामाणिकपणे सांगायचं. पुस्तक असेल तर सोपं आहे: लेखक, नाव, साल, प्रकाशक. दुसऱ्याचा निबंध असेल तर त्याहून सोपं, नियतकालिकाच्या वेबसाइटवर संदर्भाची तयार ओळच मिळते, ती उचलायची आणि चिकटवायची. मग तुम्ही त्या प्रोग्रॅमपाशी येता. ज्याने तुमचे वाकडेतिकडे आकडे सरळ केले, ज्याच्याशिवाय तुमचा एकही आलेख उभा राहिला नसता, तो फुकट मिळालेला प्रोग्रॅम. त्याचा लेखक कोण? साल कोणतं लिहायचं? तुम्ही वापरलेली आवृत्ती कुठली? तुम्ही त्याचं पान उघडता, वरखाली करता. काही सापडत नाही. चहा गार होतो. मार्गदर्शकांचा फोन येतो, 'झालं का?' मग तुम्ही लिहून टाकता: 'आकडे एका मोफत उपलब्ध प्रोग्रॅमने दुरुस्त केले.' आणि सुटता.

तुम्ही सुटता. माझी आत्या अडकते.

आत्या विद्यापीठाच्या भूजल विभागात तांत्रिक सहायक आहे. तिची खोली पहिल्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्याही पुढे. भिंतीवरच्या खिळ्यांना पोलादी तारेची भेंडोळी टांगलेली, टेबलावर तारांना डाग देण्याच्या, सोल्डरिंगच्या यंत्राने पडलेले काळे चट्टे, खिडकीखाली सायकलींचा स्टँड. विभागात तिला पाठीमागे 'तोफ' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. "खुशाल तोफ म्हणा," असं ती एकदा सगळ्यांच्या चहाच्या वेळी म्हणाली होती, "पण पाठीमागून म्हणू नका. तोफेच्या पुढ्यात उभं राहून म्हणा, मग बघू."

तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नाव 'सांधा'. तो काय करतो ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तिचा राग कळणार नाही.

विहिरीत जाड पेनाएवढा एक सेन्सर तारेने सोडलेला असतो. तो पाण्याचा दाब मोजत राहतो आणि दाबावरून पातळी कळते. काही महिन्यांनी कोणीतरी तिथे जातं, सेन्सर वर ओढतं, बॅटरी बदलतं, पुन्हा खाली सोडतं. पण तार पुन्हा तंतोतंत त्याच उंचीवर कधीच बांधली जात नाही. गाठ जरा वर नाहीतर जरा खाली बसते. मग आलेखात पाणी एकदम चढल्यासारखं किंवा उतरल्यासारखं दिसतं. तिथे पायरी तयार होते. पाणी असतं तिथेच, बदललेली असते ती गाठ. पूर्वी सगळे या पायऱ्या पडद्यावर नजरेच्या अंदाजाने पुसत, प्रत्येकाचा अंदाज वेगळा.

"मला कंटाळा आला म्हणून लिहिला," आत्या सांगते. "आयुष्यभर काय माउस धरून पायऱ्या पुसत बसू?"

तिच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. सेन्सर पातळीबरोबर स्वतःच्या बॅटरीचा जोरही नोंदवत असतो. नवी बॅटरी घातली की तो आकडा उसळतो. म्हणजे बॅटरी आणि पातळी एकाच क्षणी उसळली, तर ते माणसाच्या हाताचं काम. नुसतीच पातळी उसळली, तर ते खरंच पाणी. सांधा फक्त माणसाच्या हाताच्या पायऱ्या शोधतो आणि दोन्हीकडचे आकडे सांधून देतो. आत्याने तो सगळ्यांसाठी खुला केला. कोडसकट. कोणीही घ्या, वापरा, बदला. आणि लोकांनी घेतला. जगभरातून तिला ईमेल येऊ लागले, 'तातडीचे', 'अतितातडीचे', 'कृपया आजच'. ती जेवणाचा डबा बाजूला सारून उत्तरं लिहायची.

मी प्रोग्रॅमरच्या नोकरीसाठी या शहरात आले आणि आत्याकडे राहू लागले, तेव्हा सांधाला बरीच वर्षं झाली होती. एके दिवशी ती घरी आली ती चपला भिरकावतच.

"काय झालं?" आतोबांनी विचारलं. आतोबा दुकानांच्या पाट्या आणि शटरं रंगवतात. तेव्हा ते दारात बसून ब्रश धूत होते.

"पदांचा आढावा घेणारेत पुढच्या वर्षी. सर म्हणाले, बाई, तुमचा प्रोग्रॅम चांगला असेल हो, पण त्याचा वापर कुठे दिसत नाही."

'सर' म्हणजे विभागप्रमुख. शांत, इस्त्रीचे, कुणाशीही कधी आवाज न चढवणारे.

"दिसत नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे संदर्भयादीत दिसत नाही. समितीला ईमेल चालत नाहीत, आभार चालत नाहीत. किती निबंधांच्या शेवटी सांधाचा रीतसर संदर्भ आहे, तेवढंच मोजणार. नसेल तर माझं पद भांडारात विलीन. मग मी दिवसभर बाटल्या आणि पाइप देत बसणार. सांधाकडे बघणार कोण? तुझे आतोबा?"

"मी बघेन की," आतोबा म्हणाले. "लांबून."

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी शोधायला घेतलं. जे निबंध सांधावर उभे आहेत हे आत्याला नक्की माहीत होतं, कारण त्यांच्या लेखकांना तिनेच हाताला धरून शिकवलं होतं, ते एकेक उघडले. 'योग्य संगणकीय साधनाने.' 'प्रचलित पद्धतीने.' 'उपलब्ध सॉफ्टवेअरच्या मदतीने.' एकाने तर आभारात विद्यापीठाच्या वाहनचालकाचं नाव लिहिलं होतं, कॅन्टीनचंही, आणि सांधाचं नव्हतं. माझं डोकं तापत होतं, आत्याचं तर केव्हाच तापलेलं. आणि मग आला शहरातल्याच दुसऱ्या संस्थेतला एक निबंध. याच्या लेखकाशी आत्या कित्येक दुपारी फोनवर बोलली होती. त्याचे आकडे बिघडलेले, तिने ते मागवून घेऊन स्वतः तपासून दिले होते. त्याने लिहिलं होतं: 'पातळीतील उसळ्या आमच्या घरगुती प्रोग्रॅमद्वारे दूर केल्या.'

"घरगुती!" आत्या ओरडली. "जसं काही केसांचं तेल आहे! कोणाच्या घरातलं रे? तुझ्या की माझ्या?"

त्या क्षणापासून आमच्या घरी त्या माणसाचं नाव 'घरगुती साहेब' पडलं.

तिने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर.

"नमस्कार मॅडम! तुमचीच आठवण काढत होतो."

"निबंधात काढायची होती."

"अं?"

"सांधा तुमच्या घरी कधीपासून राहायला आला?"

पलीकडे जरा खोकला. "अहो मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. खरं सांगू का, नाव लिहायचं कुठे आणि कसं, तेच कळलं नाही. तुमच्या पानावर काहीच नाही ना तसं. संपादक विचारतात, लेखक कोण, साल काय, क्रमांक काय. मग म्हटलं जाऊ दे. पुढच्या वेळी नक्की हं."

फोन ठेवल्यावर आत्या म्हणाली, "खोटारडा." मग तिने माझ्याकडे बघितलं. "नाही का?"

मी सांधाचं पान उघडलं. कसा उतरवायचा, कसा चालवायचा, कुठली चूक आली तर काय करायचं, सगळं होतं. लेखक कोण हे कुठेच नव्हतं. शेवटी फक्त एक ओळ: 'वापरा आणि कळवा.'

"तो खोटारडा असेल," मी म्हटलं, "पण पानावर खरंच काही नाही गं."

माझ्यावर ती तोफ डागणार असं वाटलं होतं. पण तिने पडदा स्वतःकडे वळवून पान वरपासून खालपर्यंत वाचलं. आतोबांनी ब्रश झटकला.

"मी पाटी रंगवतो ना," ते म्हणाले, "तेव्हा उजव्या कोपऱ्यात खाली माझं नाव टाकतो. दुकानदाराला विचारत नाही. विचारलं तर कोण हो म्हणेल? मुख्य अक्षरांचा रंग ओला असतानाच टाकून मोकळा होतो. नंतर कोणी खरवडत नाही."

"तुमचं बरं आहे," आत्या म्हणाली. "तुमची पाटी कोणी स्वतःच्या दुकानाची म्हणून उचलून नेत नाही."

"तेच तर. नेली तरी कोपरा बरोबर जातो."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी तिला सगळं समजावून सांगितलं. हे माझ्या क्षेत्रातलं, त्यामुळे उत्साहाने बोलत सुटले. कोडबरोबर एक छोटी फाइल ठेवायची. लेखकांची नावं, प्रोग्रॅमचं नाव, आवृत्ती, तारीख. कोड जिथे ठेवलाय त्या वेबसाइटला ही फाइल वाचता येते. मग सांधाच्या पानावर 'संदर्भ द्या' असं बटण दिसतं. ते दाबलं की तयार ओळ. दुसरं काम, कोड इंटरनेटवरच्या एका संग्रहालयाशी जोडायचा, म्हणजे प्रत्येक आवृत्ती तिथे जपली जाते आणि तिला कायमचा क्रमांक मिळतो. डीओआय म्हणतात तो. संदर्भयादीच्या प्रोग्रॅममध्ये तो क्रमांक टाकला की लेखक, साल, नाव आपोआप भरलं जातं.

"एवढंच?" आत्या म्हणाली.

"एवढंच. पण आधी फाइल, मग क्रमांक."

"कळलं गं. एवढी म्हातारी नाही झाले."

सोमवारी विभागात काहीतरी बिनसलं. भांडाराच्या लिपिकाने म्हणे तिला बघून विचारलं, "काय, कधी येताय आमच्याकडे?" ती रागारागाने खोलीत गेली आणि आधी क्रमांक घेऊन मोकळी झाली. फाइल दुपारनंतर लिहिली. आणि लगेच सांधा वापरणाऱ्या, तिला ठाऊक असलेल्या प्रत्येकाला ईमेल पाठवला: 'यापुढे सबब चालणार नाही. हा क्रमांक टाका, बाकी आपोआप येईल.'

आपोआप आलंच.

लोकांनी ऐकलं. ईमेलच्या भाषेला घाबरून असो किंवा खरंच सोपं झालं म्हणून असो, काही महिन्यांत नव्या निबंधांच्या संदर्भयादीत सांधा दिसू लागला. आत्या संदर्भांचा चढता आकडा बघायची आणि डबा खाता खाता चक्क गुणगुणायची. मला वाटलं, झालं, मोहीम फत्ते.

मग एकदा बोळात सर तिला थांबवून म्हणाले, "बाई, तुमच्या त्या सांधामुळे आजकाल माझं नाव बरंच येतंय हं. नातवंडंसुद्धा विचारतात, आजोबा, तुम्ही प्रोग्रॅम कधी लिहिला?"

ते हसले. ती हसली नाही. खोलीत जाऊन तिने पहिल्यांदाच तो क्रमांक स्वतः टाकून बघितला. लेखक: सरांचं नाव, आडनावासकट. दुसरं कोणीच नाही.

झालं होतं असं. विभागाचा नियम होता की बाहेरच्या कुठल्याही वेबसाइटवर खातं उघडायचं ते प्रमुखांच्याच नावाने. सांधाचं खातं कित्येक वर्षांपूर्वी तसंच उघडलेलं. आत्या त्याच खात्यातून रोज काम करायची, सगळ्याच खोल्यांत असं चालायचं. संग्रहालयाने क्रमांक देताना कोडमध्ये लेखकांची फाइल शोधली. सोमवारी सकाळी ती नव्हतीच. मग त्याने खात्याच्या मालकाचं नाव उचललं. यंत्राचा काय दोष? आणि आत्याने ती ओळ कधी वाचलीच नव्हती, नुसता क्रमांक पाठवत सुटली होती. स्वतःच्या नावाची गरज नसल्यासारखी!

ती सरांच्या खोलीत गेली. त्या दुपारी मी माझ्या कामाच्या ठिकाणाहून लवकर निघून तिला घ्यायला गेले होते. दार उघडंच होतं, त्यामुळे बोळात उभं राहून मी सगळं ऐकलं.

"सर, त्या नोंदीतलं नाव बदलायचंय. कोडच्या खात्यातून मला नुसते क्रमांक घेता येतात. संग्रहालयाचं खातं तुमच्या ईमेलवर आहे, तुम्हालाच आत जावं लागेल. पाच मिनिटांचं काम आहे."

"करू की. घाई काय आहे?"

"आढावा आहे."

"अहो, आढाव्यात वापर दिसला म्हणजे झालं. विभागाचंच नाव होतंय ना?"

"तिथे विभागाचं नाव नाही, सर. तुमचं आहे."

"मी मागितलं होतं का?" सरांचा आवाज तसाच, इस्त्रीचा.

"मागितलं नाही. पण सोडतही नाही आहात."

ड्रॉवर उघडून बंद केल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "पासवर्ड आठवत नाही हो. जुन्या फोनवर होता. बघतो."

परतीच्या वाटेवर आत्या एवढी भराभर चालत होती की मला धावावं लागलं. "बघतो!" ती म्हणाली. "निवडणुकीला उभा असल्यासारखं 'बघतो'! यांची बढतीची फाइल जायचीय या वर्षी. संदर्भांचा आकडा त्यात लागतो. मला काय कळत नाही?"

"आपण नवी आवृत्ती काढू," मी म्हटलं. "त्याला नवा क्रमांक मिळेल. या वेळी फाइल आधीपासून आत असेल."

"आणि जे छापून गेले ते?"

ते मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. छापून गेलेलं छापून गेलं.

नवी आवृत्ती काढायला कारणही होतं. सेन्सरचं घड्याळ हळूहळू मागे पडतं, ते सुधारणारा भाग एका दूरच्या देशातल्या माणसाने लिहून पाठवला होता. त्याला आम्ही कधी बघितलेलं नाही. आत्याने फाइल उघडली. लेखक: पहिलं तिचं नाव. दुसरं त्या घड्याळवाल्याचं, त्याला विचारून, त्याने कळवलं तसंच. मग तिने तिसरी ओळ लिहायला घेतली आणि मी बघितलं तर ती सरांचं नाव लिहीत होती.

"आत्या! वेड लागलंय का?"

"हवेच्या दाबाचं गणित त्यांचं आहे. अगदी सुरुवातीला त्यांनीच बसून लिहून दिलं होतं. अजून त्यातच आहे, बघ."

"मग? त्यांनी तुझं नाव..."

"राग माझा आहे," ती म्हणाली, "गणित त्यांचं आहे. रागाने गणित माझं होतं का?"

आतोबा भिंतीला टेकून ऐकत होते. "तिसऱ्या नंबरावर तरी लहान अक्षरात टाक," ते म्हणाले.

"यात अक्षर लहान-मोठं होत नाही."

"हेच तुमच्या धंद्याचं चुकतं."

नव्या आवृत्तीला क्रमांक मिळाला, पानावरच्या बटणातही नवी ओळ आली. आत्याने ते स्वतः दाबलं, ओळ शब्दन्‌शब्द वाचली, मला मोठ्याने वाचायला लावली. मग पुन्हा सगळ्यांना ईमेल. पण लोकांच्या मते हे काम आधीच झालं होतं. त्यांच्याकडे एक क्रमांक होता, तोच ते टाकत राहिले. जुना. सरांचा.

आढाव्याच्या दिवशी मी घरीच होते. आत्या संध्याकाळी आली, हातपाय धुतले आणि भाजी चिरायला बसली. सुरीच्या आवाजावरूनच आम्ही ओळखलं.

"सांग तरी," आतोबा म्हणाले.

"समितीचे अध्यक्ष खूष. म्हणाले, हा प्रोग्रॅम फार महत्त्वाचा दिसतो, संदर्भ बघा किती. मी म्हटलं, हो. म्हणाले, पण याचे लेखक तर विभागप्रमुख आहेत, मग तांत्रिक सहायकाचं वेगळं पद कशाला? मी नवी नोंद दाखवली, बटण दाबून दाखवलं. म्हणाले, या नोंदीला अजून संदर्भ कुठे आहेत?"

"आणि सर?" मी विचारलं. "सर तिथेच होते ना?"

"होते की. म्हणाले, 'बाईंचाही यात बराच वाटा आहे.'" तिने सुरी खाली ठेवली. "वाटा! लुटीच्या मालात असतो तसा. वीस लोकांना पुरेल एवढा आवाज आहे माझ्याकडे, पण त्या खोलीत तोंडातून शब्द फुटला नाही. काय सांगू? की सोमवारी सकाळी मला राग आला होता म्हणून आधी क्रमांक घेतला?"

निकाल आठवडाभरात आला. पद भांडारात विलीन. सांधाची देखभाल 'इतर कामे सांभाळून'. म्हणजे डबा खाता खाता, पुन्हा पूर्वीसारखं.

आणि आता ऐका. बढतीची फाइल वर गेल्यानंतर, अगदी त्यानंतरच, सरांना पासवर्ड सापडला. त्यांनी आत्याला बोलावलं, तिच्यासमोर संग्रहालयात शिरले आणि जुन्या नोंदीतली नावं बदलली. तिच्या फाइलमधला क्रम जसाच्या तसा उतरवला. स्वतःचं नाव तिसरं.

"झालं, बाई," ते म्हणाले. "आता तरी राग गेला ना?"

आत्या म्हणते की ती काहीच बोलली नाही. आतोबांना हे अजून खरं वाटत नाही. मला वाटतं. कारण त्या दिवशी ती चालत घरी आली, चपला नीट जागेवर ठेवल्या, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

आता तिची खोली तळमजल्यावर आहे. लोखंडी मांडण्या, काचेच्या बाटल्यांची खोकी, रबरी नळ्या, समोर खिडकी नसलेली भिंत. संशोधक येतात, बाटल्या मागतात, सही करतात. त्यातल्या काहींच्या निबंधांत सांधा असतो. काहीजण आता नीट संदर्भ देतात, तिचं नाव पहिलं, आणि असा निबंध दिसला की ती मला तो फोनवर पाठवते, सोबत एक शब्द लिहून: 'बघ.' सोपं केलं की लोक देतात, हे खरं आहे. मी ते माझ्या ओळखीच्या प्रत्येक प्रोग्रॅमरला सांगत फिरते. आधी फाइल, मग क्रमांक. आणि खातं स्वतःच्या नावाने काढा. नियम आडवा आला तर तोफ व्हा.

पण सगळेच देत नाहीत. मागच्या महिन्यात घरगुती साहेबांचा नवा निबंध आला. मी घाबरतच उघडला. त्यात लिहिलं होतं: 'आमच्या घरगुती प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीद्वारे.'

"सुधारित!" आतोबा म्हणाले. "तेल बदललं वाटतं."

आत्या हसली नाही. तिने निबंधातले आलेख मोठे करून बघितले. सेन्सरच्या घड्याळाची दुरुस्ती त्यात होती. ती फक्त नव्या आवृत्तीत आहे. आणि नवी आवृत्ती उतरवायची तर सांधाच्या पानावर जावंच लागतं, जिथे अगदी वर, उजव्या कोपऱ्यात, ते बटण आहे.

तिने फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग दुसऱ्या दिवशी भांडारातल्या टेबलाशी बसून तिने ईमेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखवला. मला वाटलं होतं, आग ओकलेली असेल. पण त्यात शिवी नव्हती, 'खोटारडा' नव्हतं, पदाचं रडगाणं नव्हतं. दोन-तीनच ओळी होत्या. उत्तर अजून आलेलं नाही. ती रोज बघते. ईमेलमधला प्रश्न मलाही विचारते, आतोबांनाही विचारते, बाटल्या न्यायला येणाऱ्या संशोधकांनाही सहीसाठी पेन पुढे करताना विचारते.

'मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, नाव कुठे आणि कसं लिहायचं ते कळलं नाही. मी ते खरं मानलं आणि पानावर बटण आणलं. या वेळी ते तुमच्या डोळ्यांसमोर होतं. मग नाव लिहायला आता नेमकं काय आड आलं?'